पहिलाच कॉम्प्युटर घरी जोडतोय, प्रोसेसर कुठला घेऊ? (कोल्हापूर, बजेट ५५ हजार)

फुलेवाडीकर

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजवर कॉलेजची लॅब आणि मित्राचा लॅपटॉप यावर भागवलं. आता सुटे भाग घेऊन घरीच कॉम्प्युटर जोडायचं ठरवलंय. बजेट ५५ हजार. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरात आहेत.

कामं अशी: माझं सॉलिडवर्क्स (मशीनचे भाग डिझाइन करायचं कॅड सॉफ्टवेअर). दादा लग्नाचे व्हिडिओ करतो, त्याचं प्रीमिअरवरचं एडिटिंगही याच मशीनवर होणार. आणि रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट गेम.

राजारामपुरी आणि शाहूपुरी दोन्हीकडं फिरून आलो. एका दुकानात तयार कॉम्प्युटर दाखवला, इंटेलचा आय७, १६ जीबी रॅम, एसएसडी, तोही माझ्या निम्म्या बजेटात. वर्गातला मित्र म्हणतो एएमडीचा रायझन ५ ५६०० घे, डोळे झाकून घे. व्हिडिओत बघावं तर एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसायची जागा) शिवाय काही घेऊच नका म्हणतात. प्रोसेसर ठरला की बाकीचं ठरेल असं वाटतंय, पण तोच ठरेना. अनुभवी लोकांनी सांगा.

शाहूपुरी_सर्व्हिस

आधी त्या आय७ चं बघू. नुसतं आय७ म्हणजे काहीच कळत नाही, पुढचा आकडा विचार. आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक जनरेशनचा, पाच अंकी असेल तर पहिले दोन. आय७-२६०० म्हणजे दुसरी जनरेशन, २०११ चा माल. ३७७० म्हणजे २०१२. आय३-१२१०० म्हणजे बारावी, २०२२.

आता गंमत नाही, खरंच सांगतो: या २६०० ला चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), आणि १२१०० लाही चार कोअर आणि आठ थ्रेड. नाव आय३ असलं तरी त्याचा एकेक कोअर जुन्या आय७ च्या कोअरला सहज मागं टाकतो. मधे अकरा वर्षं गेलीत.

फोन करून आकडा विचार आणि इथं टाक.

फुलेवाडीकर

विचारलं. आय७-४७७० म्हणाले.

शाहूपुरी_सर्व्हिस

म्हणजे चौथी जनरेशन, २०१३. तुझ्यासाठी बाद.

कारणं देतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. जुगाड करून विंडोज ११ चढवता येतं, दुकानदार चढवूनही देतील, पण तुझा व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) दोन्ही मागतो. गेम उघडणारच नाही. त्यात या मशीनमधे प्रोसेसर जुना काढलेला, बोर्ड कुठल्यातरी बिननावाच्या कंपनीचा. नवीन फक्त कॅबिनेट आणि त्यातले रंगीत दिवे.

दुकानात बसून बिलं करणाऱ्याला असं मशीन चालतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नुसतं आय७ एवढंच सांगून पोराला विकणं बरोबर नाही. कोल्हापुरात असे घेऊन फसलेले बरेचजण माझ्याकडं दुरुस्तीला येतात.

पॅटर्नशॉप

उद्यमनगरात आमचं पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, बनवायचं वर्कशॉप आहे, रोजचं काम सॉलिडवर्क्सवर. तुझ्या पहिल्या कामाबद्दल एवढं सांगतो.

कॅडसाठी कोअर जास्त म्हणून वेग जास्त असं होत नाही. पार्टमधल्या फीचरची यादी बघ: स्केच, मग एक्सट्रूड, मग त्यावर फिलेट, मग ड्राफ्ट. मागचं झाल्याशिवाय पुढचं मोजताच येत नाही. फौंड्रीत साचा तयार झाल्याशिवाय ओतकाम होत नाही, मग दारात वीस माणसं उभी असली तरी. रिबिल्डचं, म्हणजे बदल केल्यावर पार्ट पुन्हा मोजण्याचं, तसंच आहे, ते बहुतेक एकाच कोअरवर चालतं. म्हणून एका कोअरचा वेग बघायचा. सिम्युलेशन आणि रेंडरिंग मात्र सगळे कोअर वापरतं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या असेंब्लीला सहा कोअर भरपूर झाले. आमच्याकडं एका मशीनवर आय५-१२४०० आहे. पंप बॉडीचा पूर्ण पॅटर्न त्यावर निघतो. मुलगा दिवसभर काम करतो, तक्रार नाही. १६ जीबी रॅम मात्र किमान पाहिजे. सॉलिडवर्क्स, ब्राउझर आणि पीडीएफ एकदम उघडलं की आठ जीबीत जीव घुटमळतो.

सांगावकर

मित्रानं सांगितलंय ते काय वाईट न्हाई भावा. रायझन ५ ५६०० म्हणजे सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातोय. ३२ एमबी एल-३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) हाय, त्यामुळं गेमला लय भारी. कूलर डब्यातच येतोय. बी५५० बोर्ड घे, डीडीआर४ रॅम घे, उरलेल्या पैशात ग्राफिक कार्ड. माझ्याकडं हेच हाय आणि एमआयडीसीतनं आल्यावर रोज रात्री खेळतोय.

एक ध्यानात ठेव. ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स न्हाई. कार्ड घेतलंस तरच मॉनिटरवर चित्र दिसंल. कार्ड नसंल तर ५६००जी घ्यावा लागंल. त्यात ग्राफिक्स हाय पण कॅश निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई (कार्ड आणि एसएसडी जोडायची वाट) ३.० वरच थांबलाय.

गारगोटीची_लेक

मी मूळची गारगोटीची, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमधे. सांगावकर दादांशी एका बाबतीत सहमत नाही. आज कोरी पाटी असेल, म्हणजे एकही सुटा भाग हातात नसेल, तर एएम४ वर, म्हणजे ५६०० च्या जुन्या सॉकेटवर, नवीन पैसे घालू नयेत असं मला वाटतं.

एएम४ पहिल्या रायझनबरोबर २०१७ मधे घराघरात आलं. त्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य हे, की २०१७ च्या बोर्डवर बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा प्रोसेसर बसला. ज्यांनी तेव्हा बोर्ड घेतला त्यांना पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून जवळजवळ नवं मशीन मिळालं. तेच आता एएम५ चं आहे. ते सप्टेंबर २०२२ मधे आलं आणि एएमडीनं २०२७ आणि त्यापुढंही सपोर्ट देऊ असं जाहीर केलंय. रायझन ५ ७६०० घेतला तर सहा कोअर, ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत वेग, डब्यात कूलर, आणि मॉनिटर चालेल एवढं ग्राफिक्सही आत. पॅटर्नशॉप काका म्हणाले तो एका कोअरचा वेग इथं ५६०० आणि १२४०० दोघांपेक्षा चांगला आहे. चार वर्षांनी नोकरी लागली की वरचा प्रोसेसर टाकायचा, बोर्ड तोच.

फक्त ७६०० आणि ७६००एक्स यांत घोळ करू नका. एक्सबरोबर कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

शाहूपुरी_सर्व्हिस

ताई, तत्त्व बरोबर आहे. पण एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते, आणि सध्या रॅमचे भाव बघितलेत का? २०२५ च्या शेवटापासून मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी एआयच्या सर्व्हरसाठी माल वळवलाय, त्यामुळं रॅम भयंकर महाग झाली. डीडीआर४ सुद्धा चढलीच आहे. पूर्वी मी गिऱ्हाइकाला सांगायचो, आधी प्रोसेसर ठरवा, रॅम शेवटी बघू. आता उलटं झालंय. रॅम कुठली परवडते ते आधी बघायचं, मग बोर्ड, मग प्रोसेसर.

फुलेवाडीकर, घरात जुनं काही आहे का? बंद पडलेलं मशीन, कुणाची काढून ठेवलेली रॅम, काहीही.

फुलेवाडीकर

आहे! दादाचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर ठेवलाय. मागं वळवाच्या पावसात वीज पडली त्या रात्री बंद पडला तो पडलाच. दुरुस्तीवाल्यानं बोर्ड गेला असं सांगितलं होतं. आत्ता उघडून बघितलं. प्रोसेसर आय३-९१००एफ आहे. रॅमच्या दोन कांड्या आहेत, दोन्हीवर ८ जीबी डीडीआर४ ३२०० लिहिलंय. त्या चालतील का?

शाहूपुरी_सर्व्हिस

चालतील की नाही हे बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण चालल्या तर तुझा सगळा हिशोबच बदलतो. आजच्या भावात १६ जीबी म्हणजे बजेटचा मोठा तुकडा वाचला.

विजेच्या झटक्यात बोर्ड जातो तेव्हा कधीकधी रॅमही दुखावते, आणि ती सरळ बंद पडत नाही. कॉम्प्युटर चालू होतो, मग मधेच निळी स्क्रीन, मधेच फाइल खराब. पोरगं प्रोसेसरला दोष देत बसतं. म्हणून कुणाच्या तरी डीडीआर४ च्या डेस्कटॉपमधे या दोन्ही कांड्या लाव, पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) घाल आणि रात्रभर चालू ठेव. चारही पास (तपासणीच्या फेऱ्या) पूर्ण होऊन एकही एरर नको. एक जरी आली तरी एकेक कांडी वेगळी लावून तपास.

आय३-९१००एफ चा मोह नको. चार कोअर, चार थ्रेड, त्याला नवा बोर्ड शोधत बसणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया.

लग्नसराई_एडिटर

दादाच्या कामावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, कारण तुमच्या घरात पोटापाण्याचं काम तेच आहे. कॅमेरा कुठला आहे आणि कशात शूट करतो?

फुलेवाडीकर

सोनी. दादाला विचारलं, ४के, १० बिट, ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारा प्रकार) म्हणाला. एडिट करताना अडकतं म्हणून मित्राच्या मशीनवर प्रॉक्सी (फाइलच्या हलक्या नकला) बनवून काम करतो, त्यात बराच वेळ जातो.

लग्नसराई_एडिटर

वाटलंच. मग नीट वाच, तुझा प्रोसेसर इथंच ठरणार आहे.

व्हिडिओ एडिटिंगमधे अडकतं ते एक्सपोर्टला कमी आणि टाइमलाइनवर जास्त. कॅमेऱ्याची फाइल दाबून लहान केलेली असते. प्ले करताना कॉम्प्युटरला दर सेकंदाला पंचवीस-पन्नास चित्रं उलगडावी लागतात. हे उलगडायचं काम प्रोसेसरच्या कोअरनी केलं तर चांगला प्रोसेसरही धापा टाकतो. त्यासाठी वेगळा हार्डवेअरचा भाग असतो, तो ग्राफिक्समधे असतो. पण प्रत्येक ग्राफिक्सला प्रत्येक प्रकारची फाइल उलगडता येत नाही.

एचईव्हीसी (व्हिडिओ दाबायची पद्धत, एच.२६५) १० बिट ४:२:२ हा प्रकार एनव्हिडियाच्या कार्डांना आरटीएक्स ५० सिरीज येईपर्यंत उलगडता येत नव्हता. ३०५०, ३०६०, ४०६०, कुणालाच नाही. रायझनच्या आतल्या ग्राफिक्सलाही नाही. आणि इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासूनच्या आतल्या ग्राफिक्सला मात्र येतो, त्याला क्विक सिंक म्हणतात. प्रीमिअर ते वापरतं. म्हणजे महागड्या कार्डाला जे जमत नाही ते १२४०० च्या आतलं यूएचडी ७३० करतं. मी स्वतः याच कारणासाठी इंटेलवर आहे. हळदीचा, लग्नाचा, वरातीचा तीन कॅमेऱ्यांचा माल सरळ टाइमलाइनवर टाकतो, प्रॉक्सी बनवत नाही. सीझनमधे एका रात्रीत टीझर द्यायचा असतो तेव्हा हा फरक कळतो.

दोन गोष्टी मात्र दादाला सांग. एक, कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एस ऐवजी एक्सएव्हीसी एचएस निवडायचं. एस म्हणजे एच.२६४, आणि एच.२६४ मधलं १० बिट ४:२:२ हे १२४०० चं क्विक सिंकही उलगडत नाही. एचएस म्हणजे एचईव्हीसी, ते उलगडतं. दोन, पुढं ग्राफिक कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमधे जाऊन ते चालू ठेवायचं, नाहीतर एवढं करून सगळं पाण्यात.

आणि म्हणूनच १२४००एफ घेऊ नको. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. दुकानदार म्हणेल कार्ड लावणारच आहेस ना, मग एफ घे, थोडे पैसे वाचतील. खेळणाऱ्याला तो सल्ला बरोबर आहे. तुझ्या घराला नाही.

सांगावकर

हे मला माहीतच नव्हतं. मग ५६०० चा हट्ट सोडला. नुसतं खेळायचं असंल तर अजून पण तेच सांगीन.

गारगोटीची_लेक

रॅम चांगली निघाली तर मीही १२४०० ला पाठिंबा देते. माझा मुद्दा कोऱ्या पाटीचा होता, इथं पाटी कोरी नाही.

फक्त हे समजून घे, की एलजीए १७०० हा सॉकेट आता पुढं जाणार नाही. बारावी, तेरावी, चौदावी जनरेशन एवढंच त्यावर. इंटेलनं ऑक्टोबर २०२४ मधे कोअर अल्ट्रा २०० आणला तो एलजीए १८५१ वर. म्हणजे तुझी पुढची उडी फार तर चौदाव्या जनरेशनच्या एखाद्या वरच्या प्रोसेसरपर्यंत.

पंचगंगेकाठी

मधेच बोलतो. एका ॲपवर आय५-१३६००के सेकंडहँड आहे, किंमत १२४०० च्या आसपास. चौदा कोअर आहेत. तो का नको?

गारगोटीची_लेक

अनोळखी माणसाकडून तेराव्या-चौदाव्या जनरेशनचा के (नावाच्या शेवटी के असलेला) प्रोसेसर अजिबात घेऊ नये. या दोन जनरेशनच्या ६५ वॉट आणि त्यावरच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजचा दोष निघाला होता. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायची आणि हळूहळू आतून झिजायची, मग गेम बंद पडणं, निळी स्क्रीन. इंटेलनं ऑगस्ट २०२४ मधे दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरचं आतलं सॉफ्टवेअर) दिला, पाठोपाठ सप्टेंबरमधे आणखी एक, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. पण अपडेटनं पुढची झीज थांबते, आधी झालेली भरून येत नाही. विकणाऱ्यानं अपडेट कधी केलं, केलं की नाही, हे बाहेरून कळत नाही. बाराव्या जनरेशनला हा दोष नाही.

नवीन, बिलासकट, अपडेट केलेल्या बायोसवर घेतला तर वेगळी गोष्ट. पण मग त्याला कूलर वेगळा, बोर्ड दणकट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) मोठा. बजेट बसणार नाही.

शाहूपुरी_सर्व्हिस

बोर्डचं सांगतो. १२४०० ला एच६१० आणि बी७६० असे दोन पर्याय दुकानात दिसतील. एच६१० स्वस्त, पण रॅमचे दोनच खाचे, ते तुझ्या दोन कांड्यांनी भरले. ३२ जीबी करायची वेळ आली की जुन्या काढून टाकाव्या लागणार. शिवाय त्यावर एम.२ एसएसडी पीसीआयई ३.० च्या वेगानंच चालते. दादाच्या कामाला ३२ जीबी आज ना उद्या लागणारच. म्हणून बी७६०, चार खाचे असलेला.

इथं सगळ्यात मोठा खड्डा आहे. एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे. नाव जवळजवळ सारखं, डबा सारखा, कुठंतरी कोपऱ्यात डी४ लिहिलेलं. दोन्ही रॅम एका खाच्यात बसत नाहीत, कट वेगळ्या जागी असतो. दुकानातून बाहेर पडायच्या आधी डब्यावर डीडीआर४ वाचून घे.

प्रोसेसर बॉक्स पीस घे, ट्रे पीस नको. ट्रे म्हणजे कंपन्यांना खोक्यानं जाणारा सुटा माल, स्वस्त मिळतो पण कूलर नसतो आणि इंटेल त्याची वॉरंटी थेट तुला देत नाही. बॉक्सला तीन वर्षं. डब्यावर बॅच नंबर असतो, तोच नंबर प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवर कोरलेला असतो, जुळवून घे. हे दुकानातच करायचं, कारण घरी कूलर बसला की तो नंबर दिसत नाही. आणि जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर. बिनबिलाचं स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडं वॉरंटीच्या वेळी कुठल्या तोंडानं जाणार?

फुलेवाडीकर

अपडेट. मित्राच्या मशीनवर रात्रभर मेमटेस्ट लावला. चारही पास झाले, एकही एरर नाही. घरात सगळ्यात जास्त आनंद आईला झाला, जुन्या कॉम्प्युटरचं काहीतरी कामाला आलं म्हणून.

दादाबरोबर जाऊन घेतलं: आय५-१२४०० बॉक्स पीस (एफ नाही), बी७६० डीडीआर४ बोर्ड चार खाच्यांचा, एक टीबी एनव्हीएमई एसएसडी, कॅबिनेट, ५५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस, ६०० व्हीए यूपीएस. बॅच नंबर काउंटरवर जुळवला. दुकानदारांनी स्वतः भिंग दिलं बघायला, त्यांचं कौतुक वाटलं. उरलेले पैसे कार्डासाठी बाजूला ठेवलेत. दादा म्हणाला आधी महिनाभर आतल्या ग्राफिक्सवर काम करून बघू, मग ठरवू.

आता जोडायचं कसं? खरं सांगायचं तर प्रोसेसर बसवायची धास्ती वाटते.

लग्नसराई_एडिटर

कार्ड थांबवलंत ते बरोबर केलंत. व्हॅलोरंट लो सेटिंगवर आतल्या ग्राफिक्सवर खेळता येतो. पुढं आरटीएक्स ३०५० ६ जीबी बघा, ७० वॉटचं आहे, त्याच्या बऱ्याच मॉडेलला वेगळी पॉवरची वायर लागत नाही आणि एसएमपीएसवर ताण नाही.

पॅटर्नशॉप

प्रोसेसर बसवायचं मी सांगतो, आमच्याकडची मशीनं मीच जोडतो.

बोर्ड कॅबिनेटबाहेरच ठेव, त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर. पंखा बंद, उजेड भरपूर. हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून घे.

सॉकेटवर काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसेल, ते काढायचं नाही. बाजूची दांडी खाली दाबून बाहेरच्या अंगाला सरकव आणि वर उचल. मग धातूची चौकट उघडेल, झाकण तिच्यासकट वर येईल. आता आत सोनेरी पिना दिसतील, १७०० आहेत, केसासारख्या. त्यांना बोट, कापड, फुंकर, काहीही लागता कामा नये. पूर्वीच्या एएमडीत पिना प्रोसेसरला असायच्या, वाकल्या तर पट्टीनं सरळ करता यायच्या. इथं त्या बोर्डला आहेत, वाकल्या की बोर्डच बदलावा लागतो आणि वॉरंटीवाले हात वर करतात.

प्रोसेसर दोन कडांनी धर. एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण आहे, तसाच त्रिकोण सॉकेटच्या कोपऱ्यात आहे, तो तिथं. कडेला लहान खाचे आहेत ते जुळतील. सरळ वरून खाली ठेवायचा, सरकवत आणायचा नाही, वरून दाबायचाही नाही. ठेवला की आपोआप चपखल बसतो. डुगडुगला तर उचलून पुन्हा बघ.

मग चौकट मिट आणि दांडी खाली आण. इथंच नवी माणसं घाबरतात. दांडी बरीच कडक असते, जोर लावावा लागतो, कुरकुर असा आवाज येतो आणि काळं झाकण टप्पकन उडून बाहेर येतं. हे सगळं बरोबर आहे. त्रिकोण जुळलेला असेल तर निश्चिंत दाब. झाकण टाकून देऊ नको. बोर्ड कधी वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर सॉकेटवर लावायला लागतं.

डब्यातल्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, वेगळी नको, तिला बोट लावू नको. त्याचे चार पाय आहेत. ते बोर्डच्या चार भोकांवर धर आणि समोरासमोरचे दाब, म्हणजे आधी हा कोपरा, मग त्याच्या तिरक्या समोरचा. प्रत्येकाचा टक् असा आवाज यायला हवा. बोर्ड उचलून मागून बघ, चारही पाय पूर्ण बाहेर येऊन फाकलेले दिसले पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिला तर कूलर तिरका टेकतो आणि प्रोसेसर तापतो. शेवटी पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागी.

रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाच्यात, प्रोसेसरकडून मोजून. बोर्डच्या पुस्तकात एकदा बघून घे. दोन कांड्या बरोबर जागी असल्या तरच दोन्ही चॅनेल चालतात, आणि आतलं ग्राफिक्स रॅमच वापरत असल्यामुळं तुला त्याचा फरक लगेच जाणवेल.

फुलेवाडीकर

काका, खूप आभार. हे वाचून दादाही माझ्या शेजारी येऊन बसला. प्रोसेसर बसला! आवाज आला तेव्हा काळजात धस्स झालं, पण तुम्ही लिहिलेलं असल्यामुळं थांबलो नाही.

आता दोन शंका. एसएमपीएसमधून आठ पिनांच्या दोन वायरी येतात आणि दोन्ही सारख्याच दिसतात, बोर्डला कुठली लावायची? आणि माळ्यावरच्या मशीनचा एसएमपीएस चालू आहे असं वाटतं, तो दुसरीकडं कुठं वापरता येईल का?

शाहूपुरी_सर्व्हिस

वायरीवर लिहिलेलं असतं, सीपीयू आणि पीसीआयई. लिहिलेलं नसेल तर टोक बघ. मधोमध दोन भागांत, चार अधिक चार असं सुटतं ती प्रोसेसरची. सहा अधिक दोन असं सुटतं ती ग्राफिक कार्डाची. प्रोसेसरची वायर बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, प्रोसेसरजवळच्या आठ पिनांच्या जागी जाते. खटका लागेपर्यंत दाब. चुकीची वायर सहज बसत नाही, बसत नसेल तर जोर लावू नको.

जुना एसएमपीएस भंगारात दे. वीज पडली त्या रात्री तो त्याच बोर्डला जोडलेला होता. पंखा फिरतो म्हणजे तो चांगला आहे असं नाही, आतला संरक्षणाचा भाग गेलेला असू शकतो. त्याच्या वायरी सुट्या निघत असतील तर त्याही नव्याला लावू नको, एसएमपीएसकडच्या टोकाची जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, नवी एसएसडी जागेवर जळते.

अजून एक काम कर. यूपीएस लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीतल्या भिंतीवरच्या प्लगच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घे. यूपीएस लाइट गेल्यावर सांभाळतो, विजेच्या झटक्यासाठी अर्थिंग हवं. आणि वळीव सुरू झाला की प्लगसकट ब्रॉडबँडची वायरही काढायची, झटका त्या वाटेनंही येतो.

चालू झालं की बायोस उघडून एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) ऑन कर आणि पहिल्या पानाचा फोटो इथं टाक. रॅम ३२०० वर आली का आणि प्रोसेसरचं तापमान किती दाखवतंय ते बघू. नुसत्या बायोसवर ते ६० च्या वर गेलं तर कूलरचा एखादा पाय पुन्हा तपासावा लागेल.